डीप पर्पलचा सगळ्यात भारी अल्बम कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी रेकॉर्डी ऐकायची बैठक असते. गप्पा जुन्या हार्ड रॉकवर सुरू होतात, फिरून फिरून डीप पर्पल या इंग्लिश बँडवर येतात आणि तिथे आल्या की त्यांचा सगळ्यात भारी अल्बम कोणता यावर जुंपते. बैठकीला येणारे, येऊ न शकणारे, मित्रांचे मित्र, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं, सगळे मला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

१. डीप पर्पल कधीच ऐकलेलं नाही. पहिला अल्बम कोणता लावू?

'मशीन हेड', १९७२. सात गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत संपतात आणि एकही भरतीचं नाही. 'हायवे स्टार'ने सुरुवात, 'स्पेस ट्रकिन'ने शेवट. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, साधा का होईना पण हेडफोन लावा. आणि ऐकताना एकच गोष्ट करून बघा: गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो ते ओळखायचा प्रयत्न करा. बऱ्याच ठिकाणी फसाल. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे त्याला तो खरखरीत, गुरगुरणारा आवाज आला. या बँडची ओळख म्हणजे हा आवाज. तो एकदा कानात बसला की पुढचे सगळे वाद कळायला लागतात.

२. 'मार्क टू', 'मार्क थ्री' असं सगळे बोलतात. हे काय आहे?

बँडमधली माणसं बदलत गेली, तसे चाहत्यांनी संचांना क्रमांक दिले. १९६८ चा पहिला संच मार्क वन: गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रम्सवर इयन पेस, गायक रॉड इव्हान्स आणि बेसवर निक सिंपर. १९६९ मध्ये इव्हान्स आणि सिंपर यांच्या जागी इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. हा मार्क टू, आणि नव्वद टक्के वाद याच संचाभोवती चालतात. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, तो मार्क थ्री. १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला, टॉमी बोलिन आला, तो मार्क फोर. त्यापुढचे आकडे पाठ करायची काही गरज नाही. सगळ्या संचांत असलेला माणूस एकच, इयन पेस.

हे माहीत असणं का गरजेचं आहे? कारण 'पर्पलचा बेस्ट अल्बम' म्हणणारे दोघे जण पुष्कळदा दोन वेगळ्या बँडबद्दल बोलत असतात आणि ते त्यांच्या लक्षातच येत नाही.

३. फार फाटे फोडू नका. एकच नाव सांगा.

'मेड इन जपान'.

४. पण तो तर लाइव्ह अल्बम! जुनीच गाणी पुन्हा वाजवलेली. तो यादीत कसा धरायचा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट १९७२ मध्ये पर्पल पहिल्यांदा जपानला गेले. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. जपानी रेकॉर्ड कंपनीला तिथल्या बाजारासाठी एक लाइव्ह अल्बम हवा होता. बँडला त्यात फारसा रस नव्हता, पण करायचंच असेल तर ध्वनिमुद्रण आपल्या मार्टिन बर्चनेच करायचं असा त्यांनी आग्रह धरला. तीन रात्रींच्या मुद्रणातून सात गाणी निवडली गेली. त्यातली चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, 'स्मोक ऑन द वॉटर' पहिल्या रात्रीचं, 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची. फक्त जपानसाठी केलेला अल्बम सगळ्या जगात गेला. मुखपृष्ठावरचा फोटो मात्र लंडनमधल्या कार्यक्रमातला आहे. त्यावरून 'हे स्टेज जपानचं नाहीच' असं कुणी म्हणालं, तर त्याचं खरं आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बंदिश आणि मैफल यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बंदिश चार ओळींची असते. गाणारा ती कशी मांडतो, कुठे थांबतो, तबलजीकडे बघून काय करतो, याला गाणं म्हणतात. मार्क टूचं अगदी तसं आहे. स्टुडिओतलं 'स्पेस ट्रकिन' साडेचार मिनिटांचं, जपानमधलं जवळजवळ वीस मिनिटांचं. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तोच गळ्यातून काढतो. पुढचा तुकडा अवघड, त्याच्या पुढचा आणखी अवघड, आणि शेवटी गिलन एक अशी लांब किंकाळी घेतो की गिटारला उत्तरच उरत नाही. फडावरचा सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे, त्याला ही जागा पहिल्या ऐकण्यातच कळते. 'स्मोक ऑन द वॉटर'च्या शेवटी तोच खेळ ऑर्गन आणि गिटारमध्ये चालतो.

ही पुनरावृत्ती नाही. ही गाणी तिथे पूर्ण झाली. म्हणून मी हा अल्बम नुसता यादीत धरत नाही, पहिला धरतो.

जाता जाता माझी एक हळहळ. १९८० च्या दशकात गावातल्या एका दुकानदाराकडून मी हा अल्बम ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. अल्बम ७६ मिनिटांचा. पहिल्या बाजूला 'द म्यूल'मधला पेसचा ड्रम सोलो रंगात यायच्या आधीच टेप संपायची, आणि दुसऱ्या बाजूला 'स्पेस ट्रकिन' निम्म्यात खट्कन बंद पडायचं. तिथेच गाणं संपतं असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. त्या 'खट्'सकट मला ते पाठ होतं. पुढे पूर्ण रेकॉर्ड ऐकली तेव्हा त्या जागी हात आपोआप कॅसेट उलटायला गेला, आणि गाणं पुढे चालूच राहिलं. आणखी दहा मिनिटं.

५. बरं, लाइव्ह बाजूला ठेवा. स्टुडिओ अल्बममध्ये 'इन रॉक' की 'मशीन हेड'?

'इन रॉक', १९७०. पण थोड्याच फरकाने, आणि कारणं सांगायला हवीत.

सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पर्पलने रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्डने लिहिलेला कॉन्चेर्टो वाजवला. नाव झालं, पण ब्लॅकमोर अस्वस्थ होता. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारा बँड अशी ओळख त्याला नको होती. पुढचा अल्बम पूर्ण कडक करायचा असं ठरलं, आणि कार्यक्रमांच्या धावपळीत सवड मिळेल तेव्हा लंडनच्या वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये 'इन रॉक' रेकॉर्ड झाला. मुखपृष्ठावर अमेरिकेतल्या रशमोर पर्वतावर राष्ट्राध्यक्षांच्या जागी या पाचांचे चेहरे कोरलेले आहेत. पंचविशीच्या आसपासच्या पोरांचा हा आत्मविश्वास! 'स्पीड किंग' सुरू होताना जो गोंगाट येतो त्यात तो ऐकू येतो. 'हार्ड लव्हिन मॅन'च्या शेवटी ब्लॅकमोर गिटारला अक्षरशः पिळून काढतो. आणि मध्ये 'चाइल्ड इन टाइम' आहे, दहा मिनिटांचं. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

'मशीन हेड'ची गाणी जास्त घोटीव आहेत, मान्य. 'हायवे स्टार'चा गिटार सोलो आजही रॉक गिटार शिकणारी मुलं सूर न् सूर बसवतात. पण 'मशीन हेड'मध्ये बँडला आपण कोण आहोत ते ठाऊक आहे, आणि 'इन रॉक'मध्ये ते त्यांना आपल्या कानांदेखत सापडतं. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तुम्हाला पहिली वाटत असेल तर तुमचं उत्तर 'मशीन हेड', आणि त्यावर मी भांडणार नाही.

६. मग 'फायरबॉल'ला कुणीच का विचारत नाही?

दोन डोंगरांच्या मधलं गाव आहे ते. १९७१ चा हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'इन रॉक'ला तो मान मिळाला नव्हता. खुद्द गिलनचा हा लाडका. शीर्षकगीताच्या आधी जो यंत्राचा आवाज येतो तो स्टुडिओतलं एअर कंडिशनिंग सुरू करून घेतलेला आहे, आणि त्यामागून पेसचे ड्रम्स येतात ते थेट छातीवर. पहिली बाजू उत्तम. दुसऱ्या बाजूला 'फूल्स' सोडलं तर मन तितकं गुंतत नाही. माझ्या क्रमवारीत मार्क टूच्या पहिल्या काळातल्या स्टुडिओ अल्बममध्ये तो तिसरा.

चौथा म्हणजे १९७३ चा 'हू डू वी थिंक वी आर'. 'वुमन फ्रॉम टोकियो' सुरेख आहे. बाकीच्या गाण्यांत थकवा ऐकू येतो. त्या वर्षी गिलन बँड सोडून गेला.

७. 'स्मोक ऑन द वॉटर'ची आगीची गोष्ट खरी आहे की रचलेली?

खरी आहे, आणि गाण्यात जवळपास जशीच्या तशी सांगितली आहे. डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनीव्हा सरोवराकाठचं. तिथल्या कॅसिनोत 'मशीन हेड' रेकॉर्ड करायचा म्हणून पर्पल आले होते. रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी भाड्याने घेतली होती. ४ डिसेंबरला त्याच कॅसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन उडवली आणि सगळी इमारत जळून गेली. कुणाचा जीव गेला नाही. माँत्रोचा जॅझ महोत्सव सुरू करणारे क्लोद नोब्ज यांनी आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढलं. गाण्यातला 'फंकी क्लॉड' तो हाच. धूर सरोवरावर पसरला होता. ते दृश्य मनात राहिलेला ग्लोव्हर काही दिवसांनी सकाळी उठला तो 'स्मोक ऑन द वॉटर', म्हणजे 'पाण्यावरचा धूर', हे शब्द घेऊनच.

बँडने मग पॅव्हिलियन नावाच्या सभागृहात बस्तान बसवलं. तिथे एकाच गाण्याचं वादन पूर्ण झालं. रात्री शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले, आणि वादन संपेपर्यंत बँडच्या माणसांनी दरवाजे आतून धरून ठेवले. ते वादन म्हणजेच आज जगभर गिटार हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात वाजवतो तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा. बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये झाला, भिंतींना गाद्या टेकवून. गाडीत जाऊन रेकॉर्डिंग ऐकायचं तर खोल्या आणि गच्च्या ओलांडून जावं लागे. शेवटी त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं; बरं वाटेपर्यंत वाजवायचं आणि पुढे जायचं. 'मशीन हेड'मध्ये जो मोकळेपणा आहे तो या गैरसोयीतून आलेला आहे असं माझं ठाम मत आहे.

ऐकून ऐकून हा रिफ गुळगुळीत झाला, असं म्हणणाऱ्यांनी तो 'मेड इन जपान'वर ऐकावा.

८. 'चाइल्ड इन टाइम' दुसऱ्याचं उचललंय म्हणतात. आणि त्याचा मुंबईशी काय संबंध?

दोन्ही प्रश्न नेहमी एकत्र येतात आणि दोन्हींचं उत्तर एकच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर 'बॉम्बे कॉलिंग' नावाची व्हायोलिनची एक शब्दविरहित धून आहे. 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात त्याच धुनेवर बेतलेली आहे, चाल संथ करून. गिलनने हे उघडपणे कबूल केलेलं आहे. फिट्टंफाट म्हणावी अशी गोष्ट पुढची: त्या बँडने आपल्या दुसऱ्या अल्बमवर पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून एक गाणं केलं.

म्हणून ते उचललेलं ठरतं का? मुखडा घेतला आहे. पण त्यावर गिलनचा तो पायऱ्या चढत जाणारा आवाज, मग सगळ्यांचा दौडत जाणारा मधला भाग आणि पुन्हा शांत होणं, हे सगळं पर्पलचं आहे. शब्दांमागे शीतयुद्धाची भीती आहे: आंधळेपणाने झाडलेली गोळी, आणि डोकं खाली घालून तिची वाट बघणारे आपण.

८ एप्रिल १९९५ ला पर्पल मुंबईत अंधेरी क्रीडा संकुलात वाजले. त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे प्रसिद्ध झालं, आणि त्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'च आहे. वर्तुळ पूर्ण झालं.

९. कव्हरडेलच्या काळातलं पर्पल 'खरं' पर्पल आहे का?

आहे. 'बर्न' ऐकल्यावर हा प्रश्न पडूच नये.

गिलनच्या जागी कोण, याची सगळ्या इंग्लंडला उत्सुकता असताना निवडला गेला तो रेडकारमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारा, कुणालाही माहीत नसलेला मुलगा. बेस वाजवायला आलेला ग्लेन ह्यूज स्वतः जबरदस्त गायक. म्हणजे एक गायक गेला आणि दोन आले. 'बर्न' पुन्हा माँत्रोलाच रेकॉर्ड झाला, फेब्रुवारी १९७४ मध्ये बाहेर पडला. शीर्षकगीतात दोघांचे आवाज आळीपाळीने येतात, आणि 'मिसट्रीटेड'मध्ये कव्हरडेल एकटा ब्लूजचं सगळं दुःख ओततो. हे गिलनला जमलं नसतं, जसं 'चाइल्ड इन टाइम' कव्हरडेलला जमलं नसतं. स्टुडिओ अल्बमच्या माझ्या यादीत 'बर्न' तिसरा, 'फायरबॉल'च्याही वर.

त्याच वर्षीचा 'स्टॉर्मब्रिंगर' फंककडे, म्हणजे ठेक्यावर नाचवणाऱ्या संगीताकडे झुकला, ब्लॅकमोरला ते रुचलं नाही आणि तो गेला. पण त्यातलं 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' हे तीन मिनिटांचं शांत गाणं रात्री एकट्याने ऐकून बघा.

१०. ब्लॅकमोर नसलेला 'कम टेस्ट द बँड' धरायचा की नाही?

धरायचा. त्यावर नाव दुसऱ्या कुठल्या बँडचं असतं तर सगळ्यांनी डोक्यावर घेतला असता. टॉमी बोलिन हा अमेरिकन गिटारवादक जॅझकडूनही आलेला. ड्रमर बिली कोबमच्या 'स्पेक्ट्रम'वर वाजवलेला. 'गेटिन टाइटर' आणि 'यू कीप ऑन मूव्हिंग' ऐका. कार्यक्रमांत मात्र सगळं बिनसत गेलं, व्यसनांनी दोघातिघांना पोखरलं आणि मार्च १९७६ मध्ये बँड मोडला. बोलिन ४ डिसेंबर १९७६ ला वारला, वयाच्या २५ व्या वर्षी. माँत्रोचा कॅसिनो जळाला त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

११. पहिले तीन अल्बम कुणी मोजतच नाही. अन्याय नाही का?

थोडा आहे. 'हश'ने त्यांना १९६८ मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर नेलं, पण ते मुळात दुसऱ्याचं गाणं. इतरांची गाणी बरीच आणि स्वतःचा सूर अजून सापडायचा, अशी ती वर्षं. तिसऱ्या अल्बमचं 'एप्रिल' मात्र ऐकाच: बारा मिनिटं, मधल्या भागात लॉर्डने तंतुवाद्यं आणि सुषिर वाद्यं आणली आहेत.

१२. १९८४ च्या पुनर्मीलनाचा अल्बम जुन्यांच्या तोडीचा आहे?

'परफेक्ट स्ट्रेंजर्स'ची दोन गाणी आहेत: शीर्षकगीत आणि 'नॉकिंग ॲट युअर बॅक डोअर'. शीर्षकगीताच्या सुरुवातीचा लॉर्डचा ऑर्गन ऐकताना आठ वर्षांचा दुरावा एका स्वरात भरून निघतो. बाकीचा अल्बम चांगला आहे, थोर नाही. पुढे मार्क टूने दोन केले, १९८७ चा 'द हाउस ऑफ ब्लू लाइट' आणि १९९३ चा 'द बॅटल रेजेस ऑन'. मध्ये १९९० ला गायक जो लिन टर्नरबरोबर 'स्लेव्ज अँड मास्टर्स'. या तिन्हींसाठी मी कुणाशी वाद घालणार नाही.

१३. ब्लॅकमोर कायमचा गेल्यावर बँड संपला, असं माझे थोरले भाऊ म्हणतात. त्यांना काय सांगू?

त्यांना 'परपेंडिक्युलर' ऐकवा. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून गेला, उरलेले कार्यक्रम जो सॅट्रियानीने निभावले आणि मग स्टीव्ह मोर्स आला. प्रश्न ८ मधला मुंबईचा कार्यक्रम त्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. तेव्हा नव्या संचाचा एकही अल्बम आलेला नव्हता. १९९६ मध्ये 'परपेंडिक्युलर' आला. मोर्सने ब्लॅकमोरची नक्कल करायचा प्रयत्नच केला नाही आणि तेच बँडला तारून गेलं. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'ची सुरुवातीची गिटार ऐका आणि मग भावांशी बोला. ब्लॅकमोरनंतरच्या अल्बममध्ये हा पहिला, आणि एकूण यादीतही मी त्याला 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'च्या वर ठेवतो.

१४. अलीकडचे अल्बम ऐकण्यासारखे आहेत का? सगळे सत्तरी ओलांडलेले ना?

आहेत. लॉर्डने २००२ मध्ये बँड सोडला आणि १६ जुलै २०१२ ला तो वारला. त्यानंतर वर्षभरातच 'नाऊ व्हॉट' आला, निर्माता बॉब एझ्रिन, ऑर्गनवर डॉन एअरी. त्यातलं 'अनकॉमन मॅन' लॉर्डच्या आठवणीत केलेलं आहे. मला ते डोळे कोरडे ठेवून ऐकता येत नाही. २०१७ चा 'इन्फिनिट' आणि २०२० चा 'वूश'ही त्याच जोडीतले. मोर्सने २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे बँड सोडला, सायमन मॅकब्राइड आला आणि २०२४ मध्ये ज्याच्या नावात फक्त बरोबरचं चिन्ह आणि एक आहे तो अल्बम आला. गिलनचा आवाज आता त्या वरच्या पायऱ्या चढत नाही. त्याने आपलं गाणं वयाप्रमाणे खाली आणलं आहे, आणि शब्द आता जास्त नीट ऐकू येतात.

१५. रेनबो आणि व्हाइटस्नेकचे अल्बम या यादीत चालतील?

नाही. रेनबो ब्लॅकमोरचा, व्हाइटस्नेक कव्हरडेलचा; ती वेगळी घरं आहेत. रेनबोचा 'रायझिंग' कितीही आवडो, त्याची यादी वेगळी.

१६. क्रमवारी आणि विक्री बघून निकाल लावला तर?

तर ब्रिटनमध्ये 'फायरबॉल' आणि 'मशीन हेड' पहिल्या क्रमांकावर आणि 'इन रॉक' चौथ्या, म्हणजे मी प्रश्न ५ मध्ये चुकलो. 'मेड इन जपान' तर ब्रिटनमध्ये सोळावा होता आणि अमेरिकेत सहावा. त्या त्या आठवड्यात दुकानांत काय खपलं ते क्रमवारी सांगते. आज रात्री काय लावायचं ते सांगत नाही.

१७. माझ्याकडच्या रेकॉर्डवर गाणी वेगळी आहेत. बनावट प्रत आहे का?

बहुतेक वेळा नाही. देशोदेशीच्या आवृत्त्या वेगळ्या निघाल्या. अमेरिकेतल्या 'फायरबॉल'वर 'डिमन्स आय'च्या जागी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आहे. अमेरिकेतल्या 'इन रॉक'वर 'स्पीड किंग'च्या सुरुवातीचा गोंगाट कापलेला आहे, म्हणजे माझ्या मते अल्बमचं दारच काढून टाकलेलं. 'ब्लॅक नाइट' मूळ 'इन रॉक'वर कधीच नव्हतं, ते वेगळं सिंगल होतं.

सगळ्यात जास्त घोळ 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'चा. ते 'मशीन हेड'च्याच वेळी रेकॉर्ड झालं, पण ब्लॅकमोरला नको होतं म्हणून 'नेव्हर बिफोर' या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. नंतरच्या सीडीवर ते अल्बममध्ये दिसतं. वाद घालताना ते 'मशीन हेड'च्या बाजूने मोजायचं नाही, हा आमच्या बैठकीचा नियम आहे. इतकं देखणं गाणं बाहेर ठेवायला लागतं याचं मला वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

१८. नव्याने मिक्स केलेल्या आवृत्त्या मूळ अल्बमच धरायच्या?

वादासाठी मूळच धरा. मात्र २०२४ ची 'मशीन हेड'ची आवृत्ती आवर्जून ऐका. तिचं नवं मिश्रण ड्वीझिल झॅपाने केलं आहे, म्हणजे ज्याच्या कार्यक्रमात कॅसिनो जळाला त्या फ्रँक झॅपाच्या मुलाने. पुढच्या वर्षी 'मेड इन जपान'चंही नवं मिश्रण आलं, स्टीव्हन विल्सनने केलेलं. त्यात ग्लोव्हरचा बेस मला पहिल्यांदा इतका उठून ऐकू आला. तरी माझ्या कानाला १९७२ चंच लागतं. तेव्हा मिश्रण करताना बँडमधले फक्त पेस आणि ग्लोव्हर बर्चबरोबर बसले होते, आणि दोघांनी सगळ्यांना सारखा न्याय दिला.

१९. लेड झेपेलिन आणि ब्लॅक सॅबथ या बँडच्या अल्बमपुढे हे टिकतात का?

टिकतात. १९७० मध्ये सॅबथचा 'पॅरानॉइड', 'लेड झेपेलिन थ्री' आणि 'इन रॉक' एकाच वर्षात आले. सॅबथकडे काळोख होता, झेपेलिनकडे विस्तार. दोन वाद्यांनी एकमेकांना डिवचत गाणं पुढे नेणं हे मात्र पर्पलकडेच सापडतं.

२०. वाद मिटतच नाही. बैठकीत नेमकं काय लावता?

एकच गाणं दोनदा: 'लेझी'. आधी 'मशीन हेड'वरचं. दिवे मंद, बोलायचं नाही. मग लगेच 'मेड इन जपान'वरचं, टोकियोच्या रात्रीचं. सुरुवातीला लॉर्ड ऑर्गनमधून जे गुरगुरणं काढतो ते चालू असताना समोरच्या माणसाकडे बघा. तो पुढे सरकून बसला, तर त्याचं मत तुम्हाला कळलं. तो म्हणाला, 'पहिलंच परत लाव,' तर तेही कळलं. मग चहा टाका आणि 'इन रॉक'ची पहिली बाजू लावा.